नैतिक बंधनाचे रोखे

१

कर्जाच्या दस्तऐवजात नीतीचे नाव सहसा निघत नाही. तारण काय, व्याजाचा दर किती, मुदत केव्हा संपते, हप्ता चुकल्यास जप्ती कोणी आणि कशी करावी, जामीन राहणाऱ्याच्या इस्टेटीवर बोजा किती, एवढ्या बाबी कागदावर उतरल्या म्हणजे धनको आणि ऋणको या दोघांचेही समाधान होते. देणेकऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर विसंबून रक्कम मोजणारा सावकार कोणत्याही पेठेत फार काळ तग धरत नसतो. असे असता अमेरिकेतील सरकारी अर्थव्यवहारात मात्र साठ वर्षांहून अधिक काळ असा एक रोखा प्रचलित आहे, की ज्याच्या नावातच नीतीची प्रतिष्ठापना झालेली आहे. त्याला ‘नैतिक बंधनाचा रोखा’ म्हणतात.

या रोख्याचे जन्मरहस्य मोठे मनोवेधक आहे. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेप्रमाणे राज्याच्या पतीवर कर्ज उभारावयाचे तर मतदारांचा कौल घेणे प्राप्त असे, आणि मतदार तर घरबांधणीसारख्या कामांनाही अनुकूल कौल देण्यास नाखूश असत. तेव्हा गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्यासाठी जॉन मिचेल नावाच्या एका रोखेतज्ज्ञ वकिलाने १९६० च्या सुमारास एक तोड काढली. कर्ज राज्याने न काढता राज्याने स्थापलेल्या एखाद्या महामंडळाने काढावे, आणि त्या महामंडळाच्या तिजोरीत खडखडाट झालाच तर तूट भरून काढण्याची शिफारस विधिमंडळापुढे यावी. ती मान्य करण्याचे बंधन विधिमंडळावर कायद्याने नसेल, केवळ नीतीने असेल. कायद्याचे बंधन नाही म्हणून मतदारांना विचारण्याचे कारण उरत नाही, आणि नीतीचे बंधन आहे म्हणून धनकोची झोपही उडत नाही. हेच मिचेल पुढे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे अ‍ॅटर्नी जनरल झाले आणि वॉटरगेट प्रकरणी १९ महिने कारावास भोगून आले. त्यांची युक्ती मात्र सुखरूप राहिली, आणि २०१० साली ऱ्होड आयलंड या अमेरिकेतील सर्वांत लहान राज्यात, व्हिडिओ गेम घडवणाऱ्या एका कंपनीच्या दारी ती येऊन उभी राहिली.

त्या कंपनीचे नाव ‘थर्टी एट स्टुडिओज’. गेम बनवणाऱ्या कारखान्याला त्या धंद्यात स्टुडिओ म्हणतात. असे स्टुडिओ दरसाल उघडतात आणि दरसाल मिटतात. एखाद्याचे मिटणे राज्याच्या अंदाजपत्रकात आठ-नऊ वर्षे रेंगाळत राहावे, हे मात्र विरळा घडते. म्हणून हा वृत्तांत.

२

कर्ट शिलिंग हे बेसबॉलमधले नामांकित चेंडूफेके. २००४ च्या ऑक्टोबरात, घोट्याचा फाटलेला स्नायुबंध डॉक्टरांनी तात्पुरता शिवून दिलेला असताना, मोजा रक्ताने भिजत असूनही ते बॉस्टनच्या रेड सॉक्स संघासाठी मैदानात उतरले, आणि १९१८ नंतर प्रथमच त्या संघाने जगज्जेतेपद मिळवले. तीन पिढ्या ज्या विजयाची वाट पाहत होत्या तो मिळवून देणाऱ्यांत अग्रभागी असलेल्या माणसाला न्यू इंग्लंडमध्ये कोणते स्थान प्राप्त झाले असेल, हे क्रिकेटवेड्या मराठी वाचकास सांगणे नलगे. त्या रक्ताळलेल्या मोज्यांपैकी एक कूपरस्टाउनच्या बेसबॉल संग्रहालयात पवित्र अवशेषाप्रमाणे ठेवला गेला. त्या मोज्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

शिलिंग यांचे दुसरे वेड फारसे कोणाला ठाऊक नव्हते. सामन्यांसाठी गावोगाव फिरताना हॉटेलच्या खोलीत त्यांचा वेळ जाई तो युद्धाच्या पटखेळांत आणि ‘एव्हरक्वेस्ट’सारख्या ऑनलाइन खेळांत. या दुसऱ्या प्रकारात हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच कल्पित जगात एकाच वेळी वावरतात, तेथे टोळ्या बांधतात, बाजार भरवतात, लढतात. आणि खेळ संपवून उठले तरी ते जग चालूच राहते. याच जातीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे दरमहा वर्गणी भरणारे खेळाडू २०१० साली १ कोटी २० लाखांवर पोचले होते. या आकड्याने कित्येक शहाण्यांना भुरळ घातली. असे जग उभारणे हे मात्र एखादे पुस्तक लिहिण्यासारखे किंवा चित्रपट काढण्यासारखे नसते. चित्रपटात पडद्यावर दिसेल तेवढीच भिंत रंगवली तरी भागते. येथे नगर उभारले तर त्याची प्रत्येक गल्ली हिंडता आली पाहिजे, आणि दार उघडेपर्यंत एक छदामही हाती पडत नाही. अर्धवट झालेली नगरी विकताही येत नाही.

शिलिंग यांनी २००६ साली कंपनी काढली, आणि पुढे तिला आपल्या पाठीवरच्या ३८ या क्रमांकाचे नाव दिले. तिचे पहिले बस्तान मॅसॅच्युसेट्समधील मेनार्ड या गावी, लोकरीच्या एका जुन्या गिरणीत बसले. त्या गिरणीत एकोणिसाव्या शतकात लोकर विणली जाई. गिरणी बंद पडल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच भिंतींच्या आड डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या बलाढ्य संगणक-कंपनीचे मुख्यालय होते. तिचाही अस्त झाला, आणि मग कल्पित जग विणणारे हे नवे विणकर तेथे आले. एकाच वास्तूने तीन उद्योगांचे बारसे पाहावे, आणि पहिल्या दोहोंचे उत्तरकार्यही पाहून झालेले असावे, हा योग या मंडळींच्या ध्यानी आला होता की नाही, कोण जाणे.

योजना भव्य होती. कल्पित जगाचे नाव अमालूर. त्याचा १०,००० वर्षांचा इतिहास आर. ए. साल्वाटोरे या लोकप्रिय कादंबरीकारांनी रचला. चित्रकल्पनेची धुरा टॉड मॅकफार्लेन या चित्रकथाकारांनी वाहिली. आणि त्यावर उभारावयाच्या ऑनलाइन खेळाला ‘कोपर्निकस’ हे गुप्तनाम मिळाले. २००९ साली मेरीलँडमधील ‘बिग ह्यूज गेम्स’ हा दुसरा स्टुडिओही खरेदी करण्यात आला. त्या स्टुडिओकडे अमालूरच्याच पार्श्वभूमीवरचा, एकट्याने खेळावयाचा एक गेम सोपवण्यात आला. शिलिंग यांनी स्वतः वेतन घेतले नाही, उलट पदरचे पैसे ओतले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ५ कोटी डॉलर. बाहेरचे भांडवलदार मात्र येऊन पाहत, वाखाणत आणि परत जात.

३

ऱ्होड आयलंड हे दहा-साडेदहा लाख वस्तीचे राज्य. पाण्याच्या शक्तीवर सूत कातणारी अमेरिकेतील पहिली यशस्वी गिरणी १७९३ साली याच राज्यात पॉटकेट येथे उभी राहिली, आणि विसाव्या शतकात गिरण्या दक्षिणेकडे निघून गेल्या तेव्हा मागे राहिलेल्या रिकाम्या इमारतींचे दुःखही याच राज्याने मोठ्या प्रमाणावर सोसले. २०१० साली तेथे दर १०० कामकऱ्यांत ११ हून अधिक बेकार होते. अशा वेळी मार्चमध्ये एका निधीसंकलनाच्या समारंभात गव्हर्नर डोनाल्ड कार्चेरी यांची शिलिंग यांच्याशी गाठ पडली. एकाला रोजगार हवा होता, दुसऱ्याला भांडवल. आणि दोघांच्या मध्ये तो मोजा होता, ज्याच्या तेजापुढे ताळेबंद वाचणाऱ्याचे डोळे दिपावेत हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

त्यानंतरची चक्रे सरकारी दप्तराला न शोभणाऱ्या वेगाने फिरली. जूनमध्ये विधिमंडळाने रोजगारनिर्मितीसाठी १२ कोटी ५० लाख डॉलरांच्या कर्जहमीची योजना मंजूर केली, आणि जुलैच्या अखेरीस राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाने त्यातील ७ कोटी ५० लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम, या एकट्या कंपनीला देऊ केली. अट अशी की कंपनीने प्रॉव्हिडन्स या राजधानीत यावे आणि २०१२ च्या अखेरपर्यंत ४५० नोकऱ्या निर्माण कराव्यात. गव्हर्नरपदाचे अपक्ष उमेदवार लिंकन चेफी यांनी या व्यवहाराला जाहीर विरोध केला. नोव्हेंबरात रोखे विकले गेले, त्याच महिन्यात चेफी निवडून आले, आणि ज्या कर्जाला विरोध केला त्याच कर्जाचा सांभाळ जानेवारी २०११ पासून त्यांच्या माथी आला.

रोखे अर्थातच नैतिक बंधनाचे होते. प्रत्यक्षात राखीव निधी, सुरुवातीचे व्याज आणि दलाल-वकिलांचा खर्च वजा जाता कंपनीच्या हाती पडले सुमारे ५ कोटी. कोपर्निकस तडीस न्यावयाला ७ कोटी ५० लाख लागतील हे व्यवहार ठरवणाऱ्यांना माहीत होते. घराला बारा वासे लागतात हे ठाऊक असून आठच आणावेत आणि वास्तुशांतीचा मुहूर्त मात्र ठरवून टाकावा, तशातला हा प्रकार. पुढे २०१६ साली अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने याच मुद्द्यावर महामंडळ आणि वेल्स फार्गो या पेढीवर फिर्याद केली, की ही २ कोटी ५० लाखांची तूट रोखे घेणाऱ्यांपासून दडवण्यात आली. फिर्याद रास्त होती. मात्र त्याच कर्जाच्या भरवशावर घरदार हलवून प्रॉव्हिडन्सला आलेल्या नोकरांना ही तूट कोणी सांगितली होती काय, हा प्रश्न त्या फिर्यादीत नव्हता. नियामकाच्या कक्षेत तो येतच नव्हता. या साऱ्या प्रकरणात जो पक्ष पुढे वारंवार दाराबाहेर राहिलेला दिसतो, तो प्रथम येथेच बाहेर राहिला.

४

२०१२ च्या ७ फेब्रुवारीला कंपनीचा पहिला आणि शेवटचा गेम बाजारात आला. त्याचे नाव ‘किंग्डम्स ऑफ अमालूर : रेकनिंग’. रेकनिंग म्हणजे हिशेब. नियतीलाही कधीकधी श्लेषाची हौस येते. गेम वाईट नव्हता. तीन महिन्यांत त्याच्या १२ लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि एखाद्या नवख्या स्टुडिओने या खपाचा उत्सव केला असता. पण महिन्याला ४० लाख डॉलरांहून अधिक खर्च असलेल्या आणि कोपर्निकसचे ओझे वाहणाऱ्या या कंपनीला तेवढ्याने भागेना. खर्च भरून निघावयाला ३० लाख प्रती खपावयास हव्या होत्या, असे चेफी यांनी पुढे सांगितले.

मग मे महिना आला. १ तारखेला महामंडळाचा ११ लाख २५ हजार डॉलरांचा हप्ता चुकला. १४ तारखेला, कंपनी सावरून धरण्याचा आपण प्रयत्न करीत आहोत, असे गव्हर्नरांनी वार्ताहरांना सांगितले, आणि कंपनी बुडण्याच्या बेतात आहे हे त्यामुळे जगजाहीर झाले. या वक्तव्यानेच येऊ घातलेले भांडवल पळाले, असा आरोप शिलिंग यांनी पुढे कायम ठेवला. १५ तारखेला पगार झाला नाही. १७ तारखेला कंपनीचा माणूस महामंडळात धनादेश घेऊन गेला आणि खात्यात तेवढी शिल्लक नसल्याचे त्यानेच सांगितल्यामुळे धनादेश परत देण्यात आला. दुसऱ्या दिवशी रक्कम भरली गेली. म्हणजे पगाराचा दिवस कोरडा गेला आणि तीन दिवसांनी सरकारचा हप्ता फिटला. कंपनीने राज्याकडे करसवलतीची मागणी केली होती. ती मिळाली नाही.

या काळात नोकरवर्ग कामावर येतच होता. बिनपगारी का होईना, पण रोज येऊन ती माणसे अमालूरमधले डोंगर घडवीत होती, कमानी कोरीत होती, झाडांच्या सावल्या कोठे पडाव्यात ते ठरवीत होती. त्याच महिन्यात कोपर्निकसचे दोन-एक मिनिटांचे चलच्चित्र लोकांपुढे आले. त्यात पर्वत आहेत, धबधबे आहेत, उंच मनोऱ्यांची नगरे आहेत. खेळणारा मात्र कोणी नाही. गृहप्रवेशाआधीच बेवारस झालेले ते घर पाहून ज्यांनी ते बांधले त्यांना काय वाटले असेल, त्याची कल्पना करणे अवघड नाही.

२४ मे रोजी ई-मेल आला, आणि प्रॉव्हिडन्समधील २८८ आणि मेरीलँडमधील ९१, अशा ३७९ जणांची नोकरी एका पत्राने संपली. शंभराहून अधिक नोकर असलेल्या मालकाने असे करण्यापूर्वी ६० दिवसांची सूचना द्यावी असा संघराज्याचा १९८८ चा कायदा आहे. डबघाईला आलेल्या मालकासाठी त्यात पळवाटही आहे. नोकरीबरोबर वैद्यकीय विमाही गेला. अमेरिकेत आजारपणाचा खर्च ज्या विम्यावर चालतो तो बहुधा मालकाच्या दारचा असतो, आणि मालकाचे दार मिटले की औषधाचेही मिटते. नोकरांपैकी एकाच्या गर्भवती पत्नीला विमा संपल्याची वार्ता डॉक्टरांकडून कळली, असे बॉस्टनच्या एका मासिकाने तेव्हा नोंदवले. काहींवर याहूनही विचित्र प्रसंग ओढवला. मॅसॅच्युसेट्समधून प्रॉव्हिडन्सला बिऱ्हाड हलवताना त्यांची जुनी घरे विकण्याची व्यवस्था कंपनीने अंगावर घेतली होती आणि ती घरे विकली गेली अशी त्यांची समजूत होती. आता कळले की घर विकलेच गेलेले नाही, आणि गहाणाचे हप्ते पुन्हा आपल्याच नावे सुरू आहेत. नोकरी नाही, गेल्या पगाराचा पत्ता नाही आणि दोन घरांची भाडी-हप्ते डोक्यावर. एखादा राजा युद्ध हरला तर त्याच्या शिपायांची जी गत होते, तिच्याशीच हिची तुलना व्हावी.

५

७ जून २०१२ रोजी कंपनीने नादारीचा अर्ज केला. देणे १५ कोटी ७ लाख डॉलर, मालमत्ता २ कोटी १७ लाख. येथून पुढे धनकोंच्या रांगेचे शास्त्र सुरू होते. तारण असलेला धनको प्रथम. नोकराचे थकलेले वेतन इतर सामान्य देण्यांच्या पुढे असते खरे, पण त्यालाही तेव्हा दरडोई ११,७२५ डॉलरांची मर्यादा होती, आणि कंपनीच्या चीजवस्तूंवर तारणाचा पहिला हक्क राज्याच्या महामंडळाचा होता. टेबल-खुर्च्या आणि संगणक लिलावात गेले. २०१३ च्या फेब्रुवारीत शिलिंग यांचा मोजाही लिलावात निघाला. बँकेच्या कर्जाला तारण म्हणून त्याचे नाव लागलेलेच होते. त्याला ९२,६१३ डॉलर आले. त्या मोज्यामागे एका राज्याने सात-साडेसात कोटी मोजले होते. बाजाराने त्याचा स्वतंत्र भाव केला तेव्हा तो लाखाच्या आत निघाला.

मग रोख्यांचा प्रश्न आला, आणि मिचेल यांची जुनी युक्ती कसोटीस लागली. विधिमंडळात दरसाल वाद झडू लागला: कायद्याने बंधन नाही तर द्यावे का? रोख्यांवर व्याज चढे होते, म्हणजे जोखमीची किंमत घेणाऱ्यांनी आधीच वसूल केलेली होती; शिवाय रोख्यांचा विमाही उतरवलेला होता. उलट बाजूने पतमापन करणाऱ्या संस्थांनी बजावले, की आज हे नाकाराल तर उद्या तुमच्या प्रत्येक कर्जाचे व्याज वाढेल. शाळांसारख्या कामांच्याच पैशातून हे हप्ते जाणार हे प्रत्येक सदस्याला दिसत होते. तरीही दरसाल रक्कम मंजूर होत गेली. महामंडळाने २०१२ च्या नोव्हेंबरात शिलिंग, इतर अधिकारी, वकील आणि पेढ्या यांच्यावर दावा लावला होता, आणि २०१७ पर्यंत तडजोडींतून सुमारे ६ कोटी १० लाख डॉलर परत आले. शिलिंग आणि इतर तीन अधिकारी यांच्या वाट्याची तडजोड २५ लाखांची. २०१६ च्या जुलैत राज्याच्या पोलिसांनी चार वर्षांची चौकशी आटोपून जाहीर केले, की फौजदारी गुन्हा कोणावरही दाखल होण्यासारखा नाही. महामंडळाने मध्यंतरी आपले नावच बदलून घेतले होते. रोख्यांचा शेवटचा हप्ता २०२० च्या नोव्हेंबरात फिटला. नीतीने आपले बंधन अखेरच्या पैपर्यंत पाळले.

६

आणि ते ३७९?

त्यांच्यातील बरेच जण कुशल कारागीर होते आणि कारागिराला दुसरे गाव मिळते. मे महिन्यातच दूरदूरच्या स्टुडिओंनी त्यांच्यासाठी जागा जाहीर केल्या, आणि या व्यवसायातली आपसातली माया त्या आठवड्यात जितकी दिसली तितकी एरवी क्वचितच दिसते. मेरीलँडच्या तुकडीतील काहींना घेऊन ‘एपिक गेम्स’ने ऑगस्ट २०१२ मध्ये बाल्टिमोरजवळ एक नवा स्टुडिओ काढला, आणि त्याला ‘इम्पॉसिबल स्टुडिओज’, म्हणजे ‘अशक्य’, असे नाव दिले. २०१३ च्या फेब्रुवारीत तोही बंद झाला. नऊ महिन्यांत दोनदा बेकार होण्याचा अनुभव त्या माणसांनी घेतला. या धंद्यातले लोक आपली कारकीर्द सांगताना स्टुडिओंची नावे अशी सांगतात, की जणू बदलीचा नोकर गावांची नावे सांगतो आहे. फरक एवढाच, की बदलीच्या नोकराचे मागचे गाव जागेवर असते.

अमालूरलाही नवा धनी मिळाला. २०१८ साली ‘टीएचक्यू नॉर्डिक’ या कंपनीने त्या जगाचे हक्क घेतले आणि २०२० च्या सप्टेंबरात जुना गेम नव्याने उजळून बाजारात आणला. राज्याचा शेवटचा हप्ता फिटण्यास तेव्हा दोनच महिने उरले होते. कोपर्निकस मात्र कोणीही उघडला नाही. त्या गल्ल्या, त्या कमानी, झाडांच्या त्या विचारपूर्वक पाडलेल्या सावल्या आज दोन मिनिटांच्या चलच्चित्रापुरत्या उरल्या आहेत.

नोकरांच्या थकलेल्या वेतनाची वाटणी २०२१ साली झाली. नऊ वर्षांनी धनादेश निघाले, आणि ज्याचे जितके येणे होते त्याच्या सुमारे १४ ते २० टक्के इतकी रक्कम, तीही कर कापण्यापूर्वीची, त्याला मिळाली. रोखे घेणाऱ्यांचा राज्याच्या खजिन्यावर कायद्याने कोणताच हक्क नव्हता. त्यांना नीतीने पूर्ण मिळाले. नोकरांचा आपल्या मजुरीवर कायद्याने पुरा हक्क होता. त्यांना कायद्याने फार तर पाचवा हिस्सा दिला. याला अन्याय म्हणावे तर कोणी नियम मोडलेला नाही. आणि न्याय म्हणावे तर जीभ रेटत नाही. नीती या शब्दाचा अर्थ त्या रोख्यापुरता तरी, ज्याच्याकडे पुन्हा कर्ज मागावयास जावे लागेल त्याच्याशी नीट वागणे, एवढाच होता. गेम घडवणाऱ्या माणसाकडे सरकारला पुन्हा काही मागावयाचे नव्हते.

नऊ वर्षांत माणसे घरे बदलतात, गावे बदलतात, कोणी धंदाही बदलतो. तेव्हा ते धनादेश वाटण्यापूर्वी ज्याचे त्याचे सध्याचे ठिकाण हुडकणे, हेच नादारीच्या कारभाऱ्याचे शेवटचे काम होऊन बसले असेल. २०१२ च्या मे महिन्यात ती सारी माणसे दोन छतांखाली, आपापल्या टेबलाशी बसलेली होती; तेव्हा त्यांचे देणे चुकवावयाला पत्ता विचारण्याचीही गरज नव्हती.